प्रोजेक्टर घेताना चित्र कसे पारखावे?

गेल्या वर्षावासाच्या सांगतेला आमच्या वस्तीतल्या विहारात डॉ. जब्बार पटेल यांचा २००० साली प्रदर्शित झालेला 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' हा चित्रपट दाखवायचे ठरले. घरटी वर्गणी निघाली. धुणीभांडी करणाऱ्या भगिनींनीही आपला वाटा दिला. त्या पैशातून आम्ही समितीच्या लोकांनी एक 'ऑल-इन-वन' प्रोजेक्टर आणला. स्पीकर, वायफाय, सिनेमाची ॲप्स सगळे एकाच डब्यात. खोक्यावर ९००० ल्युमेन्स आणि 'फोर-के सपोर्ट' असे ठळक छापलेले. आम्ही कारकुनी पेशाचे. छापील आकडा दिसला की मान डोलावतो.

संध्याकाळी चित्रपट सुरू झाला. उन्हातली दृश्ये कशीबशी दिसली, पण रात्रीचे प्रसंग आले की पडद्यावर नुसता करडा चिखल. मागे बसलेल्या एका आजीने विचारले, "बाबासाहेब कुठं हायेत रं यात?" आम्हांला उत्तर देता आले नाही. ज्या भूमिकेसाठी मामुट्टींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्या भूमिकेतला त्यांचा चेहराच दिसत नव्हता.

ऐकले म्हणून, लिहिलेले आहे म्हणून मानू नका, हे कालाम सुत्तात सांगितलेले आपण विहारात वाचतो आणि दुकानात विसरतो. मग आम्ही नीट चौकशी केली. नुसते 'ल्युमेन्स' म्हणजे काय, हे ज्याचे त्याने ठरवलेले असते. पाहायचा आकडा 'अँसी ल्युमेन्स'चा. त्यात पडद्याचे नऊ भाग करून प्रत्येक भागावरचा उजेड मोजतात आणि सरासरी धरतात. हजारोंची जाहिरात करणाऱ्या स्वस्त यंत्रात हा आकडा पुष्कळदा दोन-तीनशेच निघतो. 'फोर-के सपोर्ट'चीही तीच गत. यंत्र तसे चित्र आत घेते एवढाच त्याचा अर्थ. बाहेर किती ठिपके पडतात ते 'नेटिव्ह रिझोल्यूशन' सांगते. १२८० गुणिले ७२० म्हणजे सव्वानऊ लाख ठिपके, १९२० गुणिले १०८० म्हणजे पावणेएकवीस लाख.

दुसरी गोष्ट आकाराची. शंभर इंची चित्र सुमारे सव्वासात फूट रुंद आणि चार फूट उंच होते. पन्नास इंची चित्रापेक्षा त्याचे क्षेत्रफळ चौपट, म्हणून तोच उजेड तिथे एक चतुर्थांश पडतो. शिवाय प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. चित्रातला काळा रंग म्हणजे उजेड न पडलेली भिंत. खोलीत ट्यूबलाइट चालू असेल, तर काळे दिसणार कुठून? विहारात आम्ही दाराजवळचा दिवा चालूच ठेवला होता!

दुसऱ्या खेपेला आम्ही पेनड्राइव्ह घेऊन दुकानात गेलो. दुकानदार फुलपाखरे आणि रंगीत मासे दाखवतो. ते कुठल्याही यंत्रावर छानच दिसतात. आम्ही १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षा सोहळ्याचे कृष्णधवल छायाचित्र लावले. पांढऱ्या वस्त्रांतला तो जनसागर निळसर किंवा गुलाबी दिसला, तर रंगांचा तोल बिघडलेला समजावा. पांढऱ्यात पांढरे मिसळून माणसेच नाहीशी झाली, तर प्रखरता भडक ठेवलेली आहे. मग त्याच चित्रपटातला रात्रीचा प्रसंग लावला आणि सावळ्या चेहऱ्यावर डोळे, गाल वेगळे दिसतात का ते पाहिले. शेवटी त्रिसरण-पंचशीलाचे बारीक टायपातले पान. मधली ओळ स्वच्छ आणि कोपऱ्यातल्या मात्रा-अनुस्वार पुसट, हा स्वस्त भिंगाचा नेहमीचा दोष. चारही कोपरे वाचून पाहावेत.

आणखी एक. यंत्र बाजूला तिरके ठेवले तरी चित्र आपोआप चौकोनी होते, याचे दुकानदार फार कौतुक करतात. पण ते साधण्यासाठी काही ठिपके बाद होतात आणि अक्षरे फुटतात. शक्यतो यंत्र भिंतीसमोर सरळच ठेवावे. पंख्याची घरघर ऐकायची तर आवाज बंद करून ऐकावी.

नवे यंत्र १०८० चे घेतले. पडदा मात्र ऐंशी इंचीच ठेवला, त्यावरून समितीत थोडी कुरबूर झाली. जुने यंत्र दुकानदाराने परत घेतले नाही. ते आता मुलांच्या संस्कारवर्गात, खिडक्यांना चादरी लावून, साडेतीन फूट रुंदीच्या चित्रावर चालते. तेवढ्या आकारात ते बरे दिसते.