विश्लेषण : चीनच्या बेटावर निधन, तरी सेंट झेवियर यांचे पार्थिव गोव्यात कसे?

पिंपरी-चिंचवड, चाकणहून गोव्याला जाणाऱ्यांच्या सहलीत जुन्या गोव्यातील बॉम जेझस बॅसिलिका हमखास असते. तिथे उंच चौथऱ्यावरील चांदीच्या पेटीत सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे पार्थिव आहे. ते दफन का केलेले नाही आणि ते नक्की त्यांचेच का, हे प्रश्न जुनेच आहेत.

झेवियर कोण होते?
जेझुइट संघाच्या संस्थापकांपैकी एक. १५४२ मध्ये ते धर्मप्रसारासाठी गोव्यात आले. भाविकांसाठी ते ‘गोंयचो सायब’. मात्र १५४६ मध्ये त्यांनी पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय आणण्याची मागणी केली होती. ते १५६० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, सुरू झाले. त्यांच्यावरील टीकेचे हे प्रमुख कारण.

पार्थिव गोव्यात कसे आले?
३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील शांगच्वान बेटावर त्यांचे निधन झाले. नंतर अस्थी नेता याव्यात म्हणून शवपेटीत चुना भरून दफन केले गेले. काही आठवड्यांनी पेटी उघडली, तेव्हा देह टिकून असल्याचे आढळल्याची नोंद आहे. मग मलाक्का येथे दुसरे दफन झाले आणि मार्च १५५४ मध्ये पार्थिव गोव्यात पोहोचले. १६१४ मध्ये उजव्या हाताचा भाग रोमला पाठवण्यात आला. १६२२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. चांदीची पेटी गोव्यातील कारागिरांनी घडवली. खालचा संगमरवरी चौथरा टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने पाठवला. तो १६९८ मध्ये बसवला गेला.

पार्थिव लोकांना का दाखवतात?
पोर्तुगालने १७५९ मध्ये जेझुइटांना हाकलले. जाताना त्यांनी पार्थिव बदलल्याची अफवा पसरली. ती खोडून काढण्यासाठी १७८२ मध्ये ते सर्वांसाठी खुले करण्यात आले. दर्शन सोहळ्यांची परंपरा तिथून सुरू झाली.

मग आताचा वाद कोणता?
२०२४ च्या सोहळ्याच्या तोंडावर पार्थिवाच्या डीएनए चाचणीची मागणी झाली. गोव्यात निदर्शने झाली, पोलिसांत गुन्हाही नोंदवला गेला. म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वीची शंकाच नव्या भाषेत पुढे आली. फरक इतकाच, की आता ती इन्क्विझिशनच्या कटू इतिहासाशी जोडली गेली आहे.

दर्शन पुन्हा कधी?
सोहळा साधारण दर दहा वर्षांनी होतो. मागचा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ दरम्यान झाला. त्या काळात पार्थिव समोरच्या से कॅथेड्रलमध्ये ठेवले होते. एरवी बॅसिलिकेत पेटी खालूनच पाहावी लागते.