चिचुंद्रीच्या वेषातले कुत्रे

‘द किलर श्रूज’ (१९५९) हा टेक्सासमध्ये काढलेला स्वस्तातला सिनेमा. एकाकी बेट, सुटलेला प्रयोग आणि माणसं खाणाऱ्या राक्षसी चिचुंद्र्या, एवढंच भांडवल. दिग्दर्शक रे केलॉग मूळचे स्पेशल इफेक्ट्सवाले. तरी चिचुंद्र्या म्हणून त्यांनी शिकारी कुत्र्यांना केसाळ झुली घालून पळवलं! झूल लोंबते, चाल मात्र अस्सल कुत्र्याची. जवळून दात दाखवायचे असले की हातात घालायची बाहुली पुढे येते. शेवटी तर पात्रं लोखंडी पिंपं एकत्र बांधतात आणि त्यांच्या आत दबून समुद्राकडे सरकतात. गंमत अशी, की पडद्यावर कुणीही हसत नाही. नट जीव तोडून घाबरतात, म्हणूनच आपल्याला हसू आवरत नाही. मुद्दाम वाईट काढलेल्या हल्लीच्या शार्कपटांत ही मजा नाही.

सिनेमातली चिचुंद्र्यांच्या विषारी चाव्याची कल्पना मात्र अगदीच हवेतली नाही. उत्तर अमेरिकेतल्या आखूड शेपटीच्या चिचुंद्रीची लाळ खरोखर विषारी असते, अर्थात छोट्या भक्ष्यापुरती. सिनेमाचा नायक जेम्स बेस्ट २०१२च्या ‘रिटर्न ऑफ द किलर श्रूज’मध्ये पुन्हा त्याच भूमिकेत दिसला.