धूळ ले-आऊटमध्ये जन्मते

केंद्र सरकारच्या स्वच्छ वायू सर्वेक्षणात तीन ते दहा लाख वस्तीच्या शहरांमध्ये 2023 साली अमरावती देशात पहिली आली आणि 2025 मध्ये पुन्हा पहिली. वऱ्हाडाने अभिमान बाळगावा अशीच ही गोष्ट आहे. मात्र 2019 च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात मानकात न बसणाऱ्या शहरांची जी यादी निघाली, तीत अमरावती आणि अकोला दोन्ही होती. सर्वेक्षणात गुण मिळतात ते मुख्यतः कामांना: रस्ते झाडणे, कचरा जाळू न देणे, बांधकामाची धूळ आवरणे. ही कामे हवीतच. पण झाडायचे यंत्र फिरते मुख्य रस्त्यावर, आणि धूळ येते शहराच्या कडेवरून.

कडेचे शेत एन.ए. (बिगरशेती) होते, दगड रोवून प्लॉट पडतात, मुरूम टाकून रस्ता दाखवला जातो आणि घरे उठू लागतात. डांबर यायला वर्षे लागतात. पावसाळ्यात मुरूम खचतो, खालची काळी माती वर येते आणि टायरला चिकटून थेट हमरस्त्यापर्यंत जाते. दिवाळीच्या सुमारास ती वाळते. मग येणारे-जाणारे प्रत्येक चाक तिचे पीठ करते आणि फुफाटा उडतो. त्यातले 10 मायक्रॉनपर्यंतचे कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या सातव्या हिश्श्याएवढे, नाकात न अडकता आत जातात. हिवाळ्याच्या पहाटे थंड हवा जमिनीलगत साचून राहते, त्यामुळे ते लवकर पांगतही नाहीत. आपल्याकडे या कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये ती 15 सुचवली.

हवेच्या प्रश्नाचा दुसरा भाग अंतराचा. 2016 च्या हद्दवाढीत मलकापूर, खडकीसारखी गावे अकोला महापालिकेत आली. वस्ती बाहेर सरकली; बाजार मात्र गांधी रोड, टिळक रोडलाच राहिला. मधे मोर्णा नदी आणि रेल्वेमार्ग, म्हणून सगळी वाहतूक मोजक्या पुलांवर तुंबते. घरातल्या प्रत्येकाला गाडी लागते ती हौसेने नव्हे. अमरावतीचा आकार याबाबतीत सोयीचा आहे. मुंबई-नागपूर रेल्वेमार्ग बडनेऱ्यावरून गेला, शहराला फाटा मिळाला, आणि बडनेरा रोडच्या दोन्ही अंगांनी वस्ती भरत गेली. एका रस्त्यावर ओळीने वसलेल्या शहराला दर दहा मिनिटांनी येणारी बस फार उपयोगी पडते. ती भरवशाची असेल तर अर्ध्या दुचाकी घरी राहतील, असे मला मनापासून वाटते.

जून 2022 मध्ये याच दोन शहरांमधल्या राष्ट्रीय महामार्ग 53 वर 75 किलोमीटरची एक मार्गिका 105 तास 33 मिनिटांत डांबरून गिनीज विक्रम झाला. त्याआधी हेच काम वर्षानुवर्षे रखडले होते आणि खोदलेल्या रस्त्याची धूळ लोक खात होते. ठरवले तर पाच दिवसांत काय होते, हे वऱ्हाडाने पाहिले आहे. तीच तडफ ले-आऊटच्या नऊ मीटरच्या रस्त्याला का नसावी?

पक्का रस्ता, नाली आणि पेव्हर किंवा गवताने झाकलेली साइडपट्टी झाल्याखेरीज प्लॉटची विक्रीच होऊ देऊ नये. खर्च ले-आऊट पाडणाऱ्याकडून मंजुरीच्या वेळीच घ्यावा. आज तो खर्च उशिरा का होईना महापालिका करते, आणि तोवरचा दवाखान्याचा खर्च तिथे राहायला आलेली कुटुंबे भरतात.