हरवलेली किल्ली

पाठ-परिचय

संगणक सुरू होताना त्याच्या आत काय घडते आणि त्यासाठी आवश्यक असलेली फाइल नाहीशी झाल्यास काय करावे, याची माहिती या पाठात दिली आहे. दुरुस्तीत कोणती गोष्ट आधी करावी व कोणती नंतर, या क्रमाकडे वाचताना विशेष लक्ष द्या.

मूलपाठ

प्रबंधाचे शेवटचे प्रकरण रात्री लिहून संपलेले असते. सकाळी विद्यार्थी संगणकाचे बटण दाबतो. दिवा लागतो, पंखा फिरू लागतो. पण नेहमीच्या चित्राऐवजी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच वाक्य उमटते : ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’. म्हणजे ‘एनटीएलडीआर’ नावाची फाइल सापडत नाही. संगणक पुन्हा सुरू केला, तरी तेच वाक्य समोर येते. विंडोज एक्सपी ही संचालन प्रणाली २००१ साली बाजारात आली. ती वापरणाऱ्या अनेकांच्या वाट्याला हा अनुभव आला. ते वाक्य वाचून सर्वस्व गेल्यासारखे वाटे. प्रत्यक्षात बहुधा तसे झालेले नसे.

जागे होण्याची साखळी

संगणकाची कामकाजाची स्मृती वीज जाताच रिकामी होते. त्यामुळे प्रत्येक वेळी त्याला सारा संसार नव्याने मांडावा लागतो. संचालन प्रणाली हार्ड डिस्कवर साठवलेली असते. परंतु ती डिस्कवरून वाचून आणण्यासाठीही आधी एखादी आज्ञावली चालू असावी लागते. हा पेच सोडवण्यासाठी संगणकात एक साखळी योजलेली असते. लहान आज्ञावली आपल्याहून मोठीला उठवते आणि ती त्याहून मोठीला.

एक्सपीच्या काळातील संगणकात पहिला मान ‘बायोस’चा असे. मुख्य फलकावरील एका चिपमध्ये राहणारी ही आज्ञावली स्मृती, कळफलक, डिस्क आदी भागांची तपासणी करी. मग ती डिस्कचा अगदी पहिला, अवघ्या ५१२ बाइटांचा भाग वाचे. तेथील सूचनांच्या आधारे पुढचा टप्पा गाठला जाई आणि एनटीएलडीआर ही फाइल स्मृतीत येई. ही फाइल ‘बूट डॉट आयएनआय’ या यादीतून विंडोज कोठे ठेवली आहे ते पाही, ‘एनटीडिटेक्ट’कडून यंत्राच्या भागांची माहिती घेई आणि शेवटी विंडोजचा गाभा जागा करी. एनटीएलडीआरचा आकार अडीचशे किलोबाइटच्या आसपास असे. एवढीशी कडी निखळली, की पुढची सारी प्रणाली जागच्या जागी असूनही झोपलेलीच राही.

कडी का निखळते?

कित्येकदा फाइल हरवलेली नसतेच. यंत्रात साधी फ्लॉपी विसरून राहिली असेल, तर संगणक डिस्कऐवजी फ्लॉपीवर ती फाइल शोधतो आणि न मिळाल्याची तक्रार करतो. फ्लॉपी काढली, की काम भागते. कधी डिस्कची तार सैल झालेली असते, तर कधी बायोसमधील क्रम बदललेला असतो. खरोखरच फाइल गेली असेल, तर त्याचीही कारणे ठरलेली आहेत. डिस्कवर लेखन चालू असताना अचानक वीज जाणे, डिस्कचा काही भाग निकामी होणे, संगणकीय विषाणूचा शिरकाव होणे किंवा अनावश्यक समजून कोणीतरी ती पुसून टाकणे, ही त्यांतील प्रमुख होत.

आधी राखण, मग दुरुस्ती

अशा वेळी ‘डिस्क फॉर्मॅट करू आणि सारे नव्याने टाकू’ असा सल्ला चटकन मिळतो. त्याने संगणक सुरू होतो हे खरे. पण प्रबंध, हिशेब, छायाचित्रे यांना मुकावे लागते. हरवलेली प्रणाली-फाइल मूळ सीडीवरून पुन्हा मिळू शकते. प्रबंधाची दुसरी प्रत मात्र कोठेच नसते. घराची किल्ली हरवली म्हणून कोणी घर पाडत नाही. मग डिस्क पुसण्याची घाई का करावी?

म्हणून पहिले काम फाइल वाचवण्याचे. डिस्क सोडवून दुसऱ्या संगणकाला जोडता येते. सीडीवरूनच चालणारी नॉपिक्ससारखी लिनक्स प्रणालीही वापरता येते. दोन्ही मार्गांनी विंडोज सुरू न करता आपले कागद बाहेर काढता येतात. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर मात्र यंत्र ताबडतोब बंद करून जाणकाराकडे न्यावे. अशा डिस्कवर पुन्हा पुन्हा प्रयोग केल्यास उरलेसुरलेही हातचे जाते.

त्यानंतर दुरुस्ती. एक्सपीच्या मूळ सीडीवरून संगणक सुरू करून ‘आर’ ही कळ दाबली, की ‘रिकव्हरी कन्सोल’ उघडे. व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द दिल्यावर ‘कॉपी’ या आज्ञेने सीडीच्या ‘आय३८६’ कप्प्यातून एनटीएलडीआर व एनटीडिटेक्ट या दोन फाइल सी ड्राइव्हवर उतरवायच्या. तेवढ्याने भागले नाही, तर ‘फिक्सबूट’ ही आज्ञा सुरुवातीच्या सूचना पुन्हा लिही आणि ‘बूटसीएफजी’ हरवलेली यादी नव्याने तयार करी. डिस्कच्या पहिल्या भागाला हात घालणारी ‘फिक्सएमबीआर’ ही आज्ञा मात्र जपून वापरावी लागे.

यंत्रे बदलली, तत्त्व तेच

एक्सपीला निर्मात्या कंपनीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी थांबला. त्याआधीच, २००७ साली सर्वसामान्यांसाठी आलेल्या विंडोज व्हिस्टात एनटीएलडीआरची जागा ‘बूटमॅनेजर’ने घेतली होती. पुढे बायोसचे काम ‘यूईएफआय’कडे आले. आजची विंडोज सुरू होण्यात वारंवार अपयश आले, तर आपणहून दुरुस्तीचा पडदा दाखवते. तेथील ‘स्टार्टअप रिपेअर’ बहुतेक तपासण्या स्वतःच करते. संगणक मुळावर आणण्याचा पर्यायही तेथे असतो. तो निवडताना आपल्या फाइल ठेवायच्या की सर्व पुसायचे, हा प्रश्न नीट वाचून मगच उत्तर द्यावे.

आता अनेक संगणकांतील डिस्क ‘बिटलॉकर’ने कुलूपबंद असतात. तेथे ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली नसेल, तर डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडूनही काहीच वाचता येत नाही. ती किल्ली आधीच कागदावर लिहून सुरक्षित जागी ठेवलेली बरी. महत्त्वाच्या लेखनाची एक प्रत दुसरीकडे ठेवण्याची सवयही तितकीच मोलाची. ज्याची दुसरी प्रत आहे, त्याला काळा पडदा पाहून वेळ गेल्याची हळहळ वाटेल; श्रम वाया गेल्याचे दुःख त्याच्या वाट्याला येणार नाही.

स्वाध्याय

१. लहान आज्ञावलीने मोठीला उठवण्याची गरज का भासते?
२. फाइल जागेवर असूनही ती हरवल्याची सूचना कोणत्या परिस्थितीत मिळते?
३. ‘आधी राखण, मग दुरुस्ती’ या क्रमामागील कारण स्वतःच्या शब्दांत लिहा.
४. तुमच्या परिसरातील एखाद्या वस्तूच्या दुरुस्तीची रीत दहा ओळींत क्रमवार लिहा.