तारीख सरकली का?

अमेरिकेतल्या एखाद्या शहराचं रविवारचं वर्तमानपत्र घ्यावं आणि मागच्या पानांवरच्या बारीक अक्षरांतून नजर फिरवावी, तर अधूनमधून एक चमत्कारिक जाहिरात सापडते. सॉफ्टवेअर इंजिनिअर पाहिजे. पदवी अमुक, अनुभव तमुक वर्षांचा, चार-पाच संगणकीय तंत्रांची नावं आणि शेवटी पत्ता: अर्ज टपालाने पाठवावा. ज्या धंद्यात नोकऱ्या फोनच्या पडद्यावर जुळतात आणि मोडतात, त्या धंद्यातल्या जागेसाठी पाकिटाला तिकीट चिकटवायचं! खरी गंमत पुढेच आहे. ही जागा रिकामी नसते. तिच्यावर कोणीतरी बसलेलं असतं, बरेचदा काही वर्षांपासून. आणि ही जाहिरात कुणाच्या नजरेस पडू नये, असा देवाचा धावा तोच करत असतो.

नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या ग्रीन कार्डाची वाट बहुतेकांसाठी अशी रविवारच्या पेपरातून सुरू होते. परदेशी कर्मचाऱ्याला कायमचं ठेवून घ्यायचं, तर त्या कामाला लायक आणि तयार असा अमेरिकी माणूस प्रचलित पगारात मिळत नाही, हे कंपनीने आधी कामगार खात्याला दाखवून द्यायचं असतं. या प्रक्रियेचं इंग्रजी आद्याक्षरांनी बनलेलं नाव ‘पर्म’. २८ मार्च २००५ पासून ती सध्याच्या रूपात चालू आहे. दोन वेगवेगळ्या रविवारी छापील जाहिरात, राज्याच्या रोजगार विभागाकडे तीस दिवस नोंद, वर आणखी तीन मार्गांनी शोध. शिवाय कामाच्या जागी सलग दहा कामाचे दिवस एक नोटीस डकवायची. ती बहुधा कॉफीच्या यंत्राजवळ किंवा मायक्रोवेव्हच्या वरच्या भिंतीवर लागते. तिच्यावर नाव नसतं, पण हुद्दा आणि पगार असतो. डबा गरम होईपर्यंतच्या दोन मिनिटांत सगळ्या मजल्याला कळतं की कुणाचं ‘प्रोसेसिंग’ सुरू झालं आणि त्याला किती मिळतात.

हा सगळा खर्च कंपनीनेच करायचा; कर्मचाऱ्याकडून वकिलाची फी घेतलेली चालत नाही. जाहिरात वाचून लायक अमेरिकी उमेदवार आलाच, तर बसलेल्याची नोकरी जायलाच हवी असं नाही, पण त्याचा अर्ज तिथे थांबतो. त्यामुळे जाहिरात द्यायची, पण ती फार डोळ्यांत भरणार नाही अशी द्यायची, हा मोह कंपन्यांना होतो. फेसबुकवर अमेरिकी न्याय विभागाने याच कारणावरून खटला भरला आणि २०२१ मध्ये १ कोटी ४२ लाख डॉलरच्या वर तडजोड झाली. २०२३ मध्ये ॲपलने अडीच कोटी डॉलरवर प्रकरण मिटवलं. नाटक चालू आहे हे दोन्ही बाजूंना ठाऊक आहे. फक्त नाटकाची संहिता पाळली पाहिजे, एवढाच आग्रह.

पर्मचा अर्ज ज्या दिवशी दाखल होतो, ती तारीख त्या माणसाला जन्मतारखेसारखी चिकटते. तिला म्हणतात प्रायॉरिटी डेट, बोलण्यात ‘पीडी’. मग डॅलसच्या गणेशोत्सवात किंवा न्यू जर्सीतल्या कुणाच्या बारशाला दोन अनोळखी इंजिनिअर भेटतात आणि तिसऱ्याच वाक्याला प्रश्न येतो, ‘तुमची पीडी कधीची?’ उत्तर ऐकून समोरचा एकतर ‘अरे वा’ म्हणतो, नाहीतर जेवणाच्या ताटाकडे वळतो.

ही तारीख एवढी महत्त्वाची का, ते समजायला साधा भागाकार पुरतो. १९९० च्या कायद्याने नोकरीच्या वाटेने वर्षाला निदान १,४०,००० ग्रीन कार्डं ठरवली. ती सगळी कामगारांना मिळत नाहीत. नवरा-बायको आणि मुलं त्यातच मोजली जातात. वर अट अशी, की एका देशात जन्मलेल्यांना सर्वसाधारणपणे ७ टक्क्यांहून अधिक वाटा नाही. म्हणजे ९,८००. उच्च पदवीधरांच्या दुसऱ्या वर्गात, ज्याला ‘ईबी-टू’ म्हणतात, भारताच्या वाट्याला त्यातली साधारण २,८०० येतात. चौकोनी कुटुंब धरलं, तर सातशे घरं. इतर देशांची शिल्लक राहिली तर ती रांगेतल्या जुन्या तारखांकडे वळते, आणि भारतीयांची गाडी चालते ती मुख्यतः अशा शिलकीवर. पण एच-वन-बी या कामाच्या व्हिशावर दरवर्षी मंजुरी मिळणाऱ्यांत सत्तर टक्क्यांच्या आसपास भारतीय असतात. वरून पाण्याचा पाइप आणि खाली थेंब सोडणारी तोटी, असा हा हिशेब. कॅटो इन्स्टिट्यूट या वॉशिंग्टनमधल्या संस्थेने २०२३ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार रांगेत १८ लाख अर्ज होते, त्यातले ११ लाख भारतीयांचे, आणि नव्याने रांगेत उभ्या राहणाऱ्या भारतीयाला १३४ वर्षं थांबावं लागलं असतं. आधी, २०१८ मध्ये, याच संस्थेने १५१ वर्षांचा आकडा काढला होता. तेव्हा एक विनोद सुचणं भाग होतं: आंब्याचं झाड लावावं, निदान नातवंडांना कैऱ्या तरी मिळतील.

सात टक्क्यांचा नियम आइसलंडलाही तोच आणि भारतालाही तोच. कोल्हापूर शहरापेक्षा कमी वस्तीचा देश आणि एकशे चाळीस कोटींचा देश एकाच मापात. अमेरिकी कायदेमंडळाच्या दृष्टीने ही समानता होती. १९४६ च्या कायद्याने भारताला वर्षाला जेमतेम शंभर जणांचा कोटा होता. १९६५ मध्ये वंशानुसार ठरणारे ते कोटे मोडले आणि पूर्व गोलार्धातल्या सगळ्या देशांना सारखी कमाल मर्यादा लावली. मुंबई-पुण्याहून गेलेल्या डॉक्टर-इंजिनिअरांच्या पहिल्या पिढीला तोच नियम वरदान ठरला, कारण तेव्हा रांगच नव्हती. दार त्याच मापाचं राहिलं, गर्दी वाढली.

आणखी एक बारकावा आहे, जो ऐकून लोक आधी हसतात आणि मग आपल्या नातेवाइकांची जन्मठिकाणं आठवू लागतात. देश ठरतो तो जन्मस्थानावरून, नागरिकत्वावरून नव्हे. पुण्यात जन्मून पुढे कॅनडाचा नागरिक झालेला माणूस भारताच्याच रांगेत उभा राहतो. उलट, वडील मस्कतला किंवा कुवेतला नोकरीला असताना तिथे जन्मलेली, पुढे सांगलीत शिकलेली मुलगी ओमानच्या किंवा कुवेतच्या खात्यात मोजली जाते, आणि तिच्याशी लग्न केलेला सातारकर नवराही तिच्यासोबत त्याच छोट्या रांगेत जाऊ शकतो. आखातातल्या एखाद्या इस्पितळात पन्नास वर्षांपूर्वी झालेलं बाळंतपण असं आज दोन घरांना उपयोगी पडतं. पत्रिका जुळवताना मंगळाबरोबर हेही पाहायला हरकत नाही, असं म्हणणारे विनोद करत नसतात.

रांग कुठवर आली, ते परराष्ट्र खातं दर महिन्याला जाहीर करतं. त्या पत्रकाचं नाव ‘व्हिसा बुलेटिन’. देखावा अगदी रुक्ष: एक तक्ता, वर्ग, देश, तारखा. आपली पीडी तिथल्या तारखेच्या आधीची असेल तर आपण ‘करंट’. ऑक्टोबर २०२५ च्या तक्त्यात भारताच्या ईबी-टू पुढे १ एप्रिल २०१३ होती. म्हणजे साडेबारा वर्षांपूर्वी अर्ज केलेल्याचा नंबर लागला.

तारीख पुढेच जाते असं मात्र नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये याच वर्गाची तारीख १ डिसेंबर २०१४ पर्यंत पोचली होती. करोनाच्या काळात वकिलाती बंद राहिल्याने कौटुंबिक वर्गाची कार्डं पडून होती आणि ती नोकरीच्या वर्गाकडे आली, म्हणून हा वेग. लोकांनी पेढे वाटले. पुढच्याच महिन्यात तारीख १ एप्रिल २०१२ वर गेली, डिसेंबरात ८ ऑक्टोबर २०११ वर आणि एप्रिल २०२३ मध्ये १ जानेवारी २०११ वर. डॉक्टरने आत बोलावून खुर्चीवर बसवावं आणि मग पुन्हा बाहेर जिन्यावर उभं करावं, तसं.

यापेक्षा मोठा गोंधळ २००७ च्या जुलैत झाला होता आणि त्याची कथा आजही सांगितली जाते. त्या महिन्याच्या बुलेटिनने जवळजवळ सगळ्यांनाच करंट केलं. लोकांनी सुट्ट्या टाकल्या, डॉक्टरी तपासण्या उरकल्या, भारतातून कागद मागवले, बायकोला माहेराहून तातडीने परत बोलावलं. २ जुलैला खात्याने सांगितलं, कार्डं संपली, अर्ज घेणार नाही. आदल्या वर्षी ‘लगे रहो मुन्नाभाई’ येऊन गेला होता. दिग्दर्शक नागपूरचे राजकुमार हिरानी, आणि पडद्यावरचे गांधीजी म्हणजे आपले दिलीप प्रभावळकर. त्यातली गांधीगिरी या इंजिनिअरांनी उचलली. १० जुलैला इमिग्रेशन खात्याचे संचालक एमिलिओ गोन्झालेस यांच्या कार्यालयात फुलांचे गुच्छ येऊ लागले, शेकड्यांनी. गोन्झालेस यांनी ती फुलं वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयातल्या जखमी सैनिकांकडे पाठवली. १७ जुलैला निर्णय फिरला आणि १७ ऑगस्टपर्यंत अर्ज स्वीकारले गेले. फुलांमुळे की कोर्टाच्या धाकामुळे, यावर वाद घालता येईल. कोर्टाच्या तयारीतली माणसंही होतीच. पण त्या दीड महिन्यात ज्यांचा अर्ज आत गेला, त्यांना कार्ड नाही तरी काम करण्याचा स्वतंत्र परवाना मिळाला आणि नोकरी बदलणं सोपं झालं. ज्यांच्या कंपनीने पर्मच भरला नव्हता, ते त्याच पीडीच्या जगात मागे राहिले.

कारण कार्डाइतकाच जाच मधल्या काळाचा आहे. एच-वन-बीची मूळ मर्यादा सहा वर्षं. कंपनीची पुढची याचिका, आय-वन-फोर्टी, मंजूर झाली असेल तर २००० च्या एका कायद्यामुळे तीन-तीन वर्षांची मुदतवाढ मिळत राहते. माणूस राहू शकतो, पण हालचाल अवघडते. नवी नोकरी घेतली तर पीडी सहसा टिकते, मात्र पर्मपासून सगळं पुन्हा. पुन्हा दोन रविवार, पुन्हा मायक्रोवेव्हजवळची नोटीस. त्यामुळे बढतीचा हुद्दा मूळ अर्जाशी जुळतो का, हे आधी वकिलाला विचारायचं आणि मग साहेबाला होकार द्यायचा. नोकरी गेली तर २०१७ पासूनच्या नियमाने साठ दिवस. तेवढ्यात नवी कंपनी शोधायची किंवा घर, गाडी, मुलांची शाळा आवरायची. २०२२-२३ मध्ये मोठ्या कंपन्यांनी माणसं कमी केली, तेव्हा पंधरा वर्षं कर भरलेली माणसं हे साठ दिवस कॅलेंडरवर खोडत होती. घरातल्या दुसऱ्या पदवीधराचं वेगळंच. डिपेंडंट व्हिशावरच्या जोडीदाराला, म्हणजे बहुतेक वेळा बायकोला, काम करायची परवानगी २६ मे २०१५ पासून मिळू लागली, तीही नवऱ्याची याचिका मंजूर असेल तर. त्याआधी कित्येक बी.ई. झालेल्या मुलींची आठ-दहा वर्षं पोळीभाजी आणि लायब्ररीच्या फेऱ्यांत गेली.

आणि भारतात यायचं म्हटलं की ‘स्टॅम्पिंग’. तिथे मुदत वाढली तरी पासपोर्टातला शिक्का जुना असेल, तर परत जाताना वांद्र्याच्या वकिलातीतून नवा घ्यावा लागतो. आईचं ऑपरेशन ठरलं की आधी मुलाखतीची तारीख मिळते का ते पाहायचं. गेल्या वर्षी, १९ सप्टेंबर २०२५ च्या शुक्रवारी, एच-वन-बीवर एक लाख डॉलरचं शुल्क लावणारा हुकूम निघाला. घटस्थापना सोमवारी होती, बरेच जण गावी आलेले. काही कंपन्यांनी एका दिवसात परत या म्हणून निरोप धाडले. ज्यांच्याकडे व्हिसा आहे त्यांना हे लागू नाही, असा खुलासा शनिवारी आला, तोवर तिकिटं काढून झाली होती.

नंबर लागला की मग गावाकडचे कागद. अनेकांच्या जन्मदाखल्यावर नावाची जागा कोरी असते, कारण नोंद झाली तेव्हा बारसंच झालेलं नव्हतं. मग नगरपालिकेत खेटे, किंवा जन्माच्या वेळी हजर असलेल्या दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं. ऐंशीच्या घरातला मामा तहसील कचेरीत जाऊन शपथेवर सांगतो, की अमुक तिथीला, श्रावणात, पाऊस कोसळत असताना हा मुलगा झाला. नोटरी त्यातला पाऊस काढून टाकतो. डॉक्टरी तपासणी ‘सिव्हिल सर्जन’ करतो. आपल्याकडे या शब्दाने जिल्हा रुग्णालयाचा दबदबा आठवतो; तिथे तो सरकारने नेमलेला साधा खासगी डॉक्टर असतो आणि अहवाल सीलबंद पाकिटात देतो.

हे बदलायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. देशनिहाय मर्यादा काढण्याचं विधेयक २०११ मध्ये प्रतिनिधीगृहात ३८९ विरुद्ध १५ मतांनी मंजूर झालं. २०१९ मध्ये पुन्हा, ३६५ विरुद्ध ६५. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटने आपला मसुदा एकमताने संमत केला. पण दोन सभागृहांचे मसुदे वेगळे राहिले, अधिवेशन संपलं, विधेयक बारगळलं. विरोधकांचा मुद्दा अगदीच पोकळ नाही: कार्डांची संख्या न वाढवता मर्यादा काढली, तर काही वर्षं जवळपास सगळी कार्डं भारतीयांना जातील आणि फिलिपाइन्सच्या नर्सपासून ब्राझीलच्या संशोधकापर्यंत सगळे आपल्या मागे उभे राहतील. संख्या वाढवायची म्हटलं की मात्र सभागृहात शांतता पसरते.

या रांगेत सगळ्यात अडचणीत आहेत ती लहानपणी आईबापांसोबत गेलेली मुलं. एकविसाव्या वर्षी ती ‘मूल’ राहत नाहीत आणि आईवडिलांच्या अर्जातून गळतात. मग विद्यार्थी व्हिसा, परदेशी विद्यार्थ्याची फी, नाहीतर ज्या देशाची भाषा मोडकीतोडकी येते त्या देशात परत. २००२ च्या एका कायद्याने थोडी सवलत दिली. कंपनीची याचिका खात्याकडे जितके दिवस पडून होती, तितके दिवस मुलाच्या वयातून वजा होतात. आता बारा वर्षांपूर्वीचा एखादा बाप आठवा. याचिका लवकर मंजूर व्हावी म्हणून त्याच्या कंपनीने जादा फी भरून ‘प्रीमियम’ सेवा घेतली होती आणि पंधरा दिवसांत निकाल आला म्हणून घरी श्रीखंड झालं होतं. शेजारच्याची याचिका साध्या टपालात आठ महिने रखडली. आज शेजारच्याच्या मुलीच्या वयातून आठ महिने वजा होतात, याच्या मुलाच्या वयातून पंधरा दिवस.