म्युकर: नाकातून डोळ्यात

2021च्या उन्हाळ्यात ‘काळी बुरशी’ महाराष्ट्रात घरोघरी माहीत झाली. करोनाची लाट ओसरली तसा तिचा गवगवाही ओसरला. पण म्युकरमायकोसिस करोनाआधीही होता, आजही आहे. आपल्याकडे त्याला सर्वांत मोठा हातभार लागतो तो आटोक्यात नसलेल्या मधुमेहाचा.

कोणाला धोका?

या बुरशीचे बीजाणू माती, कुजका पाला, हवा सगळीकडे असतात. ते आपल्या नाकात जातात आणि पांढऱ्या पेशी त्यांचा निकाल लावतात. किमोथेरपी, अवयव-प्रत्यारोपणानंतरची औषधं किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड यांमुळे ही फळी मोडते. मधुमेहात साखर फार चढून रक्त आम्लधर्मी झालं, की प्रथिनांनी धरून ठेवलेलं लोहही सुटतं, आणि बुरशीला वाढायला नेमकं तेच हवं असतं.

करोनाकाळात देशभरातल्या 2826 रुग्णांचा अभ्यास झाला. त्यांत 78 टक्के मधुमेही होते, 87 टक्क्यांना स्टिरॉइड दिलेलं होतं. स्टिरॉइडने अनेकांचे प्राण वाचवले, हेही खरं. ऑक्सिजनची गरज नसताना, साखर न तपासता ते घरच्या घरी घेणं मात्र महागात पडलं.

डोळ्यापर्यंतची वाट

सायनस आणि डोळ्याची खोबण यांच्यामध्ये कागदासारखं पातळ हाड असतं. शिवाय ही बुरशी रक्तवाहिन्यांत घुसते, तिथे गुठळ्या होतात आणि पुढचा भाग रक्ताविना मरतो. काळा दिसतो तो हा मेलेला भाग. खोबणीच्या मागे मेंदू आहे, म्हणून घाई.

आधी काय दिसतं?

बहुतेकदा तक्रार नाकापासून सुरू होते: एकाच बाजूचं नाक चोंदणं, काळपट किंवा रक्ताळ शेंबूड, गाल दुखणं वा बधिर होणं, दात हलणं. पापणी सुजणं किंवा खाली पडणं, एकाचे दोन दिसणं हे बहुधा त्यानंतर. मधुमेही माणसाने अशा वेळी ‘सर्दीच आहे’ म्हणून आठवडा काढू नये. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावं. नाकातला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, की काही तासांत अंदाज येतो.

उपचार

मेलेला भाग शस्त्रक्रियेने काढणं, शिरेतून अँफोटेरिसिन बी आणि साखर आटोक्यात आणणं, तिन्ही एकदम चालतं. व्होरिकोनाझोल हे एरवी उपयोगी औषध इथे चालत नाही. अँफोटेरिसिनने मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, पोटॅशियम घसरतं, म्हणून रक्ततपासण्या वारंवार होतात. खोबणीत बुरशी फार पसरली, तर जीव वाचवण्यासाठी कधी डोळा काढावा लागतो. पुढे पोसाकोनाझोलच्या गोळ्या बरेच आठवडे, कधी काही महिने चालतात.