काळविटांचा मृत्यू आणि गोठ्यातील लस

आपल्या कोल्हापूरच्या जुन्या घरांना काळविटाची ओळख दोन वाटांनी झालेली आहे. एक वाट शिकारीची. संस्थानी अमदानीत येथे आफ्रिकेतून आणविलेले चित्ते पाळले जात आणि त्यांच्याकरवी माळावरच्या काळविटांची शिकार होई, हे वडीलधाऱ्यांच्या तोंडून पुष्कळांनी ऐकले असेल. माझे वडील राजवाड्यावर गाण्याच्या नोकरीत होते. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. त्यामुळे संस्थान मी पाहिले नाही. पण डोळ्यांवर टोपडे चढवून गाडीत निमूट बसलेला चित्ता त्यांनी लहानपणी पाहिला होता, त्याचे वर्णन मी अनेकदा ऐकले आहे. दुसरी वाट गाण्याची. रागमालेच्या जुन्या चित्रांत तोडी रागिणी वीणा घेऊन रानात उभी असते आणि तिच्याभोवती माना उंचावून हरिणे जमलेली असतात. गाणे शिकविणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढून ते चित्र सहसा हलत नाही.

अशा काळविटांचा एक कळप २०२५ सालच्या नोव्हेंबरात बेळगावनजीक जवळजवळ नाहीसा झाला. निपाणीवरून महामार्गाने बेळगावकडे जाताना शहर येण्यापूर्वी भुतरामहट्टी लागते. तेथे कित्तूर राणी चन्नम्मा प्राणिसंग्रहालय आहे. कळपात ३८ काळविटे होती. १३ नोव्हेंबरला त्यांतली ८ दगावली, त्यानंतर दोनच दिवसांत आणखी २०, आणि आठवडा पुरा होण्याच्या आत हा आकडा ३१ वर गेला. उरली अवघी ७. तेथे चित्ता नव्हता, बंदूक नव्हती, दुष्काळही नव्हता. तपासणीअंती रोगाचे नाव निघाले, ते आपल्याकडच्या कोणत्याही गोठ्याला ठाऊक असलेले: घटसर्प.

लहान मुलांना होणारा घटसर्प निराळा. नाव एक असले तरी दोहोंचे जंतू भिन्न आहेत. जनावरांचा घटसर्प ज्या जंतूमुळे होतो त्याला लुई पाश्चरच्या नावावरून पाश्चुरेला म्हणतात. सीमाभागातल्या कानडी शेतकऱ्याच्या तोंडी याच दुखण्याला ‘गंटलु बेने’ असा शब्द आहे. गंटलु म्हणजे घसा आणि बेने म्हणजे दुखणे. नाव यथार्थ आहे. जनावराला एकाएकी १०५ ते १०७ अंश ताप चढतो, तोंडातून लाळ गळते, गळा आणि छाती सुजते, श्वासाची घरघर दूरवर ऐकू येते. मग पुष्कळदा दिवस मावळायच्या आत सारा खेळ आटोपतो. गाईपेक्षा म्हशीला हा रोग अधिक लागतो. ताप येताच औषध टोचले तर गुण येण्याची आशा असते. पण सूज दिसून माणूस डॉक्टरकडे धावेपर्यंत ती वेळ बहुधा निघून गेलेली असते.

या रोगाची खरी मख्खी मात्र निराळीच आहे. हा जंतू नेहमी बाहेरूनच चाल करून येतो असे नाही. धडधाकट दिसणाऱ्या काही जनावरांच्या घशात, टॉन्सिलच्या आडोशाला, तो मुकाट्याने वस्ती करून असतो. पहिल्या पावसाची झोड, गारठा, लांबचा प्रवास, अपुरी वैरण, नांगराचा शीण, असे काही घडून अंगातली ताकद खचली की तो उठतो आणि शेजारच्या जनावरांतही पसरतो. ज्याचा व्यवहार रोज गळ्याशी आहे त्या माझ्यासारख्याला यातले इंगित लवकर पटले. बैठकीच्या दिवशी बसलेला आवाज त्या दिवशीच्या काढ्याने क्वचितच सुटतो. त्याची काळजी आधीच्या कित्येक महिन्यांत घ्यावयाची असते.

गोठ्यातला हा रोग हरिणांत कसा गेला, असे पुष्कळांनी मला विचारले. भुतरामहट्टीच्या कळपात जंतू कोठून आला याचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु शास्त्राच्या इतिहासात हा रोग प्रथम नीट वर्णिला गेला तो १८७८ साली, जर्मनीतील म्युनिकच्या आसपास बोलिंगर या पंडिताकडून. आणि तेव्हा मेलेल्या प्राण्यांत रानातली हरिणे व रानडुकरे होती. जर्मन लोकांनी त्याला नावच मुळी ‘रानजनावरांचा आणि गुरांचा रोग’ असे दिले. २०१५ सालच्या मे महिन्यात कझाकस्तानच्या माळांवर सायगा नावाच्या कुरंगांचे असेच झाले. तीन आठवड्यांच्या अवधीत दोन लाखांहून अधिक प्राणी मेले. जंतू याच घराण्यातला. तो त्यांच्या घशात आधीपासून होता. त्या वर्षीच्या अवेळी उकाड्याने आणि दमट हवेने तो उठला, असा शास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे. तात्पर्य, कुंपणाच्या आतले काळवीट आणि बाहेरची म्हैस यांचा घसा या जंतूला सारखाच.

मग उपाय कोठे करावयाचा? काळविटाला धरून लस टोचणे सोपे नव्हे. हा प्राणी इतका भित्रा की पाठलागाच्या आणि धरपकडीच्या धसक्यानेच तो प्राण सोडू शकतो. म्हणून त्याचे रक्षण बरेचसे त्याच्या भोवताली करावे लागते. आसपासच्या गावांतल्या गुरांना वेळेवर लस टोचणे, वैरण आणि पाणी स्वच्छ ठेवणे, पिंजऱ्यात शिरणाऱ्याने पाय जंतुनाशकात बुडवूनच शिरणे, नवीन आलेला प्राणी काही आठवडे वेगळा ठेवणे, आणि पहिले जनावर मेले की त्याच तासाला तपासणी करणे. या यादीत भव्यदिव्य काही नाही, आणि म्हणूनच ती मागे पडते.

आठवड्यातून एकदा मी निपाणीला शिकवणीसाठी जातो. माझ्या एका विद्यार्थिनीचे घर जवळच्या खेड्यात आहे. दारात दोन म्हशी, एक रेडी. दर दहा दिवसांनी येणाऱ्या डेअरीच्या बिलावर त्या घराचा किराणा आणि मुलीची फी चालते. लस टोचणारे आले की तिची आई म्हशी मळ्यात पाठवून देत असे. मी कारण विचारले तेव्हा त्या सरळ म्हणाल्या, “बुवा, टोचून ते जात्यात. दूध आटतंय ते माझं. बिल कोण भरून देणार?”

या बोलण्याला अडाणीपणा म्हणून मोकळे होता येत नाही. टोचल्यावर जागेवर गाठ येते, थोडा ताप येतो आणि एकदोन दिवस दूध काही कमी होते, ही गोष्ट खरी आहे. तेथल्या पशुवैद्यांनीही वाद घातला नाही. त्यांनी एवढेच सांगितले, “वहिनी, आधी रेडी आणि भाकड म्हैस टोचून घ्या. त्यांचं काय होतं ते बघा, मग दुभतीचं ठरवा.” तसे झाले. पुढच्या आठवड्यात दुभती म्हैसही टोचली गेली. दूध दोन दिवस उतरले, चौथ्या दिवशी पूर्ववत झाले. दोन दिवसांचे चार लिटर दूध एका पारड्यात आणि अख्खी म्हैस दुसऱ्या पारड्यात, असा हिशेब त्या बाईंनीच नंतर गल्लीत सांगितला. तिचे ऐकून गल्लीतल्या आणखी काही दावणी टोचल्या गेल्या. सरकारी पत्रकाने जे साधले नसते ते तिच्या शब्दाने साधले.

सीमाभागात या कामाला आणखी एक अडचण आहे. कागल आणि निपाणी यांच्या मधून राज्याची हद्द जाते. पण जनावरांचा व्यवहार तिला मानीत नाही. लेक दिल्याघरी म्हैस जाते, बाजारातून बैल येतो, चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेला कोल्हापूर-सांगलीकडून बैलगाड्या जातात. २०२२ साली लंपीची साथ आली तेव्हा महाराष्ट्राने सप्टेंबरात गुरांचे बाजार, शर्यती आणि वाहतूक बंद केली, आणि शेळ्यांच्या देवीवरची लस गाईबैलांना टोचण्यात आली. लंपी पसरविणाऱ्या माश्या, डास आणि गोचिडी यांना नाका अडवीत नाही. म्हणून हद्दीच्या एका बाजूला लस झाली आणि दुसऱ्या बाजूला राहिली, तर काम अर्धेच झाले असे समजावे. बाजारातून आणलेले जनावर दोनतीन आठवडे वेगळे बांधले तर बराच धोका टळतो, आणि ते कोणाच्याही हातचे आहे.

हे सारे व्यर्थ आहे असे ज्यांना वाटते त्यांनी बुळकांडीची कथा आठवावी. ज्यांच्या आजोबांनी शेती केली त्यांच्या घरी या रोगाचे नाव उच्चारायला लोक भीत. गावेच्या गावे गुरांवाचून ओस पडत. या रोगांच्या अभ्यासासाठी हिंदुस्थानातली पहिली प्रयोगशाळा १८८९ साली आपल्या पुण्यात निघाली आणि १८९३ मध्ये ती हिमालयात मुक्तेश्वरला गेली. १९५४ साली देशभर लसीची मोहीम सुरू झाली. निरोगी गुरे, गावोगाव, वर्षानुवर्षे टोचीत गेल्यावर २००६ साली भारत बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ साली सारे जग. देवीनंतर पृथ्वीवरून पुसला गेलेला हा दुसराच रोग. आफ्रिकेतल्या सेरेंगेटीच्या भोवतालची गुरे टोचल्यावर तेथील वाइल्डबीस्ट या रानप्राण्यांतूनही हा रोग गेला, आणि १९६१ च्या सुमारास अडीच लाखांच्या आसपास असलेली त्यांची संख्या १९७७ पर्यंत तेरा लाखांवर पोहोचली. त्या प्राण्यांना कोणी सुई लावली नव्हती. लस गोठ्यात टोचली आणि रान वाचले.

आमच्या शहरी वाचकाला यात काय करता येईल, असे कोणी विचारील. पुष्कळांची शेती अजून कागलकडे किंवा निपाणीकडे आहे, काहींनी वाट्याने म्हशी ठेवलेल्या आहेत, आणि दूध तर सर्वांच्याच घरी येते. वाटेकऱ्याला नुसते उसाचे वजन न विचारता, घटसर्पाची लस झाली काय, हेही विचारावे. त्या दोन दिवसांच्या दुधाची तूट मालकाने सोसावी. मेलेले जनावर ओढ्यात टाकू न देता चुना घालून खोल पुरावयास लावावे. मुलांना प्राणिसंग्रहालय दाखवायला नेले तर कुंपणावरून चारापाला आत टाकू देऊ नये.

आणि वेळ सांभाळावी. लस टोचल्यापासून अंगात बळ यायला दोनतीन आठवडे लागतात, म्हणून ती वैशाखातच व्हावयास हवी. जूनच्या पहिल्या आठवड्यात पावसाचे नक्षत्र लागते, त्याला आपल्या पूर्वजांनी हरिणाचेच नाव देऊन ठेवले आहे. मृग लागण्यापूर्वी दावणीची सारी जनावरे टोचून झाली, तर त्या नावाच्या प्राण्यालाही त्याचा लाभ पोहोचेल.